दुपारचे निवेदक

माइकवर फुंकर मारणारा माणूस दिसला की मला चाफले काका आठवतात. आपल्याकडे फुंकर न मारणारा माणूस शोधूनही सापडत नाही, त्यामुळे ते मला वरचेवर आठवतात. सोसायटीची सभा असो की शाळेचं स्नेहसंमेलन, कोणीतरी उठतं, माइक तोंडाशी नेतं, फू फू करतं आणि 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणतं. काका तिथं असते तर मागच्या रांगेतूनच ओरडले असते, "काहून फुकून राहिला गा त्याले? तो का चूल आहे?"

ते स्वतः माइकच्या जाळीवर तर्जनीचं नख एकदाच वाजवत. टक्. माइक आज आपल्या बाजूचा आहे की नाही, हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं. मग हात मागे बांधून ते सुरू व्हायचे. एकदा सुरू झाले, की त्यांना थांबवणं हे आयोजकांचं काम.

दिनकर चाफले हे उत्तर नागपुरातले जुने निवेदक. एका सरकारी कार्यालयात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, पण त्या नोकरीबद्दल त्यांच्याकडून एक वाक्यही ऐकल्याचं मला आठवत नाही, आणि काकांच्या बाबतीत हे फारच झालं. ऑर्केस्ट्रा, गणेश मंडळं, लग्नाची रिसेप्शनं, सेवानिवृत्तीचे सत्कार, जिथं माइक उभा राहिला तिथं काका उभे राहिले. अंगात शेवाळी रंगाचं जाकीट, खांद्याला गरम पाण्याचा थर्मास, पाण्यात ज्येष्ठमधाची काडी. हातात चिठ्ठी कधीच नाही. माइकसमोर त्यांची मराठी नटूनथटून यायची. 'रसिकहो, हिवाळ्याच्या या सोनसळी दुपारी आपल्या चरणकमलांनी पावन झालेल्या या प्रांगणात' वगैरे. आणि माइक बंद झाला की त्याच तोंडानं, "सतरंजी कोण टाकून राहिलं वं? उन्हात टाका म्हणा, लोकं थंडीनं कुडकुडून राहिले." या दोन भाषांच्या मध्ये त्यांना श्वास घ्यायलाही वेळ लागत नसे.

माझी त्यांची गाठ पडली आमच्या महोत्सवामुळे. हा महोत्सव म्हणजे काय, ते सांगायला मला नेहमी जड जातं. आईला मी सांगितलं होतं, की गाणं नसतं, तबला-पेटी नसते, वेगवेगळे आवाज असतात, लोक ते ऐकतात आणि आवाज कसे करायचे हे कार्यशाळेत शिकतात. "म्हणजे गोंगाट नं?" आई म्हणाली. आम्ही सहा-सात जण मिळून तो भरवायचो. संध्याकाळचे नावाजलेले कलाकार बाकीच्यांनी वाटून घेतले आणि दुपार माझ्या गळ्यात पडली. दुपारी कोण येणार? सकाळच्या कार्यशाळा आणि दुपारचे छोटे प्रयोग ही आमच्याकडे सावत्र लेकरं होती.

दुपारसाठी जागा मिळाली ती उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यात, सिंधी व्यापाऱ्यांच्या वस्तीत. कित्येक वर्षं बंद पडलेला बर्फाचा कारखाना. उंच छत, जाड भिंती, ओळीनं रिकाम्या टाक्या, आणि टाचणी पडली तरी तिचा आवाज फिरून परत येईल अशी जागा. आमचा म्होरक्या अमेय आत शिरला आणि नुसती टाळी वाजवून डोळे मिटून उभा राहिला. कारखान्याचे मालक, शेठजी, मोठ्या मनाचे. म्हणाले, "जगह ले लो, किराया मत दो. बस एक बात. माइक पे चाफलेजी रहेंगे. उनके बिना मेरे यहाँ प्रोग्राम नहीं होता." शेठजींच्या दोन्ही मुलांची लग्नं काकांनी माइकवरून लावली होती.

अमेयचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या प्रयोगांना निवेदन नसतंच. कलाकार येतो, बसतो, सुरू करतो. पण जागा तशी दुसरी मिळणार नव्हती. "तू भेट त्यांना," अमेय मला म्हणाला. दुपार माझी होती, त्यामुळे दुपारचे निवेदकही माझेच.

सीताबर्डीला एका चहाच्या दुकानात आम्ही भेटलो. काका माझ्याआधी येऊन बसले होते. जाकिटाची इस्त्री बोट कापेल अशी कडक. मी कलाकारांची माहिती सांगायला लागले. पहिली शर्वरी, पुण्याची.

"गुरू कोण तिचे?"

"गुरू नाहीत, काका. तिनं आपलं आपणच शोधलं."

"बरं. वाद्य?"

"बर्फ."

त्यांनी चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि थोडा वेळ दुकानाच्या पंख्याकडे पाहिलं. "बर्फ," ते म्हणाले. "वाजते?"

मी समजावलं. बर्फाच्या लाद्या टांगायच्या, खाली पत्र्याची ताटं, ताटांच्या पोटाला बारकुले माइक. थेंब पडतो, त्याचा आवाज मोठा होऊन साऱ्या कारखान्यात फिरतो. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हे मला तेव्हाच आवडलं. हसले नाहीत. उलट म्हणाले, "चांगलं आहे नं. कारखान्यात बर्फ परत येऊन राहिला."

मग स्वतःबद्दल सांगितलं, न विचारता. ऑर्केस्ट्रा बसले, डीजे आले. लग्नात आता सुटाबुटातली पोरं 'मेक सम नॉइज' म्हणतात आणि नॉइज होतो. मंडळं सत्काराला बोलावतात, माइक देत नाहीत. "दर रविवारी मी हे जाकीट इस्त्री करतो. घरी सुमन म्हणते कपाटात ठेवा, उगाच करून राहिले. मी म्हणतो, राहू दे, फोन येईल." त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं. "आवाज आहे वं अजून. बोलावणं नाही. तुमचं आलं, लई बरं वाटलं."

हे सगळं त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मी दुसरा चहा मागवला.

पहिल्या दुपारी कारखाना भरला, आणि तो आमच्यामुळे भरला नव्हता. काकांनी अख्ख्या जरीपटक्याला आवतण दिलं होतं. कापडवाले, पापडवाले, मोबाइलवाले, त्यांच्या घरच्या बायका, सगळे सतरंजीवर. आमचे नेहमीचे दाढीवाले श्रोते भिंतीला टेकून अवघडून उभे. काकांनी टक् केलं आणि शर्वरीची ओळख करून दिली. 'जिनं आपल्या साधनेसाठी वीणा नाही, सतार नाही, तर साक्षात हिमालयाची लेक निवडली' असं काहीतरी. शर्वरी पांढऱ्या कुर्त्यात ताटांच्या मध्ये बसली होती. तिनं डोळेही उघडले नाहीत.

प्रयोग सुरू झाला. थेंब पडू लागले. एक, मग दुसरीकडे एक, मग भराभर. पापडवाल्या बाई तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. आणि मग शर्वरीनं हळूहळू आवाज कमी करत आणला. हा तिच्या प्रयोगाचा गाभा होता. आवाज पूर्ण जातो, स्पीकर गप्प होतात आणि कान इतके ताणले गेलेले असतात, की खरा, उघडा थेंब ऐकू येऊ लागतो. त्यासाठी ती बराच वेळ काहीही करत नाही.

आवाज गेला आणि काका उठले.

"रसिकहो, किंचित तांत्रिक व्यत्यय! घाबरू नका, चाफले आहे!" माइकशिवाय. तसा त्यांना माइक लागत नव्हताच. "बर्फाच्या कारखान्यात आवाज गोठला, यात नवल ते काय! तोवर आपण टाळ्यांनी ऊब आणू या!" जरीपटका खूश. टाळ्या सुरू झाल्या, ठेक्यात. काकांनी एक विनोद सांगितला, मग दुसरा. मधेच दाराकडे वळून जनरेटरवाल्याला हात केला, "सुरू कर गा!" आणि तो भलामोठा जनरेटर घरघरत सुरू झाला. मी काकांपर्यंत पोचेपोचेतो शर्वरी उठली होती. ताटांमधून वाट काढत ती मागच्या दारानं बाहेर गेली. लोकांना वाटलं मध्यंतर झालं.

अमेय संतापानं लाल झाला होता. "उद्यापासून ते नकोत. शेठजींना काय सांगायचं ते सांग. शेवटच्या दिवशी आभाराला उभं करू, बस." हेही मीच सांगायचं होतं.

काका मागे टाक्यांजवळ उभे होते, कार्यक्रम वाचवल्याच्या समाधानात पाणी पीत. आवाज जाणं हाच प्रयोग होता, एवढं मी आधी सांगितलं. ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"म्हणजे ते मुद्दाम होतं?"

"हो, काका."

"आवाज घालवला? तिनं? आपल्या हातानं?"

"हो."

ते टाकीच्या कठड्यावर बसले. चेहरा पार उतरला. "वं, आवाज गेला अन् निवेदक बसून राहिला, तर लोकं उठतात. लोकं उठले की कार्यक्रम गेला. आम्ही जिंदगीभर हेच केलं. आवाज जाते तेव्हाच तर निवेदक लागते." मग थर्मासचं झाकण लावत म्हणाले, "आता पुन्हा नाही बोलावणार नं तुम्ही?"

"शेवटच्या दिवशी आभाराला बोलावू," मी म्हणाले. माझा राग अजून पुरता गेला नव्हता. काकांनी थर्मास खांद्याला लावला आणि सरळ शर्वरीकडे गेले. ती बाहेर पायरीवर बसली होती. तिच्यापेक्षा दुपटीहून मोठा माणूस हात जोडून उभा राहिला.

"पोरी, मी तुझं मधातच तोडलं. मले समजलं नाही. तुमची ही शांतता कशी असते, मले शिकव."

शर्वरी अजून धुमसत होती. "उद्या सकाळी माझी कार्यशाळा आहे," ती म्हणाली. "बाजारातून चालायचं आणि ऐकायचं. मी घंटा वाजवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. जमेल?" तिनं हे शिक्षा म्हणूनच सांगितलं असणार. काका म्हणाले, "येतो."

ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही.

पंधरा-वीस जणांचा आमचा घोळका कारखान्यातून निघाला आणि जरीपटक्याच्या बाजारात शिरला. बाकीच्यांना ओळखणारं तिथं कोणी नव्हतं. काकांना न ओळखणारं कोणी नव्हतं. पहिल्याच दुकानातून हाक आली, "चाफलेजी! क्या हाल?" काकांनी हात जोडले आणि पुढे चालू लागले. दुकानदार गल्ला सोडून बाहेर आला. "क्या हुआ? नाराज हो क्या?" काकांनी ओठांवर बोट ठेवलं, कानाला हात लावला, आमच्याकडे बोट दाखवलं. त्या माणसाला त्यातलं जे समजलं ते त्यानं शेजारच्या दुकानात सांगितलं, की चाफलेजींचा आवाज गेला.

पुढचं आमच्या हातात राहिलं नाही. बातमी आमच्या पुढे पळत होती. चौथ्या-पाचव्या दुकानापाशी एक जण गरम पाण्याचा पेला घेऊन उभा होता. कोणी म्हणालं गळ्याचं ऑपरेशन झालं, कोणी म्हणालं लकवा. पापडवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "कल ही तो इतना बोले थे," त्या म्हणत होत्या. काका प्रत्येकाला हात जोडत, मान हलवत, घामाघूम होऊन चालत होते. हिवाळ्याची सकाळ, आणि घामाघूम. आमच्या मागे आता बाजारातली माणसंही मुकाट्यानं चालू लागली होती. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तर सायकलवरून उतरून टोपी काढली.

आणि कोणीतरी सुमन काकूंना फोन केला.

त्या स्कूटर घेऊन आल्या. अर्धी वेणी घातलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. स्कूटर रस्त्यातच लावून त्यांनी काकांचे दोन्ही दंड धरले. "अहो, काय झालं? बोला नं! माझ्याकडे पाहा. डॉक्टरले फोन करू का? बोला नं काहीतरी!" काकूंच्या डोळ्यांत पाणी. काकांनी शर्वरीकडे पाहिलं. शर्वरीचा हात घंटेकडे गेलाच होता, तेवढ्यात मी काकूंच्या कानाशी वाकून म्हटलं, "काकू, काही झालं नाही. कार्यशाळा आहे. घंटा होईपर्यंत बोलायचं नाही, एवढंच."

काकू माझ्याकडे पाहू लागल्या. "यायनं बोलाचं नाही?"

"नाही."

"अन् हे बोलून नाही राहिले?"

"नाही."

काकूंनी डोळे पुसले. वेणी पुरी करून शेपटा मागे टाकला. "थांब वं," त्या हळूच म्हणाल्या, "मी पण येते. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नाही." काकांनी स्कूटर बाजूला लावली, किल्ली खिशात टाकली आणि काकूंचा हात धरला. जरीपटक्याच्या भर बाजारात ते दोघं तसेच हात धरून शेवटपर्यंत चालले. आमच्यातल्या दाढीवाल्यांनी त्या दिवशी काय ऐकलं कोण जाणे, सगळे त्या दोघांनाच बघत होते.

कारखान्याच्या दाराशी शर्वरीनं घंटा वाजवली. गोल करून बसलो आणि प्रत्येकानं काय ऐकलं ते सांगायचं होतं. कोणी शिलाई मशीन म्हणालं, कोणी शटर. काकांची पाळी आली. मी मनातल्या मनात तयारी केली, आता जेवणाची वेळ होणार.

"मले माझं नाव ऐकू आलं," काका म्हणाले. थांबले. "इतके लोकं हाका मारतात हे मले माहीतच नव्हतं. कोणी 'चाफले' म्हटलं, की मीच चालू होत होतो. समोरचा पुढं काय म्हणते, ते कधी ऐकलंच नाही." एवढंच बोलून ते गप्प बसले. काकूंना विचारलं, तर काकांकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "मले यायचा श्वास ऐकू आला. तो रोजच येते, पण रात्री. दिवसा पहिल्यांदा." सगळे हसले. शर्वरीही हसली, आणि हसता हसता तिनं अमेयला सांगून टाकलं, की शेवटच्या दुपारी तोच प्रयोग ती पुन्हा करणार आणि ओळख काकाच करून देणार.

"पुन्हा बोलले तर?" अमेयनं विचारलं.

"तर पुन्हा बोलतील," शर्वरी म्हणाली.

शेवटच्या दुपारी पहिल्या दुपारपेक्षा जास्त गर्दी होती, कारण चाफलेजींचा आवाज परत आल्याचं सगळ्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. काका उभे राहिले. टक्. या वेळी चरणकमलं नव्हती, प्रांगण नव्हतं. "मंडळी," ते म्हणाले, "मधातच आवाज जाईल. ती नेईल म्हणून जाईल. परवा मी समजलो, बिघाड आहे. बिघाड माझ्यात होता. आज कोणी टाळी वाजवाची नाही, कोणी उठाचं नाही. बसाचं अन् ऐकाचं." माइकवर मी त्यांच्या तोंडून नागपुरी पहिल्यांदाच ऐकली. ते खाली उतरले, दारापाशी गेले, बूट काढले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

थेंब सुरू झाले, वाढले, विरत गेले. शर्वरीनं आवाज शून्यावर आणला. कारखाना गप्प झाला. बाहेरून कुठूनतरी भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. मग ऐकू आलं. छतापासून भिंतीपर्यंत कशाचीही मदत नसलेला एक थेंब. मग दुसरा. सतरंजीवरच्या बायका, दुकानदार, आमचे लोक, सगळे जागच्या जागी.

मी सहज काकांकडे पाहिलं. ते भिंतीपासून सुटले होते. अनवाणी, एकेक पाऊल टाकत दाराबाहेर चालले होते, आणि चेहरा ताणलेला. वाटलं, आता हे बोलणार. मी उठूही शकत नव्हते, कारण मी उठले असते तर मीच प्रयोग मोडला असता. उघड्या दारातून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. जनरेटरवाला वाकला होता आणि काकांनी त्याच्या हातावर हात ठेवला होता. दोघं तसेच थांबले. काका मान हलवत होते. नाही, नाही.

ते किती वेळ तसे उभे होते, सांगता येणार नाही. मग काकांचा हात खाली आला, ते परत आत येऊन भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात शर्वरीनं आवाज हळूहळू वर आणला, थेंब पुन्हा भरभरून सगळीकडे पडू लागले आणि प्रयोग संपला. लोक काही क्षण उठलेच नाहीत. टाळ्यासुद्धा उशिरा आल्या, पण अशा आल्या, की शर्वरी ताटांमध्ये बसून रडली. ती म्हणाली, इतकी खोल शांतता तिला कुठेच मिळाली नव्हती.

गर्दी पांगल्यावर मी काकांना गाठलं. ते पायरीवर बसून बूट घालत होते.

"बाहेर कशाला गेला होता?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "लाईट गेली होती वं."

"काय?"

"खरंच गेली होती. दाराजवळच्या मीटरच्या डब्यावरचा लाल दिवा विझला, मले उभ्या जागेवरून दिसलं. जनरेटरवाल्यालेही दिसलं. तो सुरू करून राहिला होता. सुरू केला असता तर त्या घरघरीत बसले असते का कोणी? मी म्हटलं, थांब गा. तिनं आवाज वर नेला नाही तोवर कोणाले काय समजते. अन् आली नं तोवर लाईट."

"आणि नसती आली तर? तिनं आवाज वाढवला असता आणि काहीच आलं नसतं तर?"

काकांनी बुटाची नाडी ओढून बांधली. "तर मी होतोच नं."

मग उठता उठता म्हणाले, "तिले सांगू नको. शांतता तिची होती, लाईनमनची नाही." मी सांगितलं नाही. अमेयलाही नाही.

त्यानंतर तीन-चार महिने गेले. मी हैदराबादला नोकरी धरली होती, जायची तयारी चालली होती, आणि एक दिवस शर्वरीचा फोन आला. पुण्यात तिचा तोच प्रयोग होता, मोठ्या सभागृहात. "बर्फ इथं मिळतो गं," ती म्हणाली. "काका कुठून आणू? त्यांना घेऊन यायची सोय करते. येतील का?"

मी फोन केला तेव्हा काका जाकिटाला इस्त्री करत होते. रविवार होता. मी सगळं सांगितलं. पलीकडून आवाजच येईना. मग काकूंचा आवाज आला, "काय सांगितलं वं तू यायले? खाली बसले. हसून राहिले."

पुण्याचा कार्यक्रम फार छान झाला, असं शर्वरीनं कळवलं. काकांनी तर फोनवर मला इतकं सविस्तर सांगितलं, की प्रयोगाला लागला नसेल तेवढा वेळ त्याच्या वर्णनाला लागला. पुढे तिनं त्यांना आणखी दोन ठिकाणी नेलं. मी हैदराबादला, ते नागपूरला, बोलणं फोनवरच. गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. काकू म्हणाल्या, आदल्या संध्याकाळी पुढच्या प्रवासाबद्दलच बोलत होते. मला खूप रडू आलं, पण त्यांच्याबद्दल वाईट वाटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर येतात ते पुण्याला निघालेले काका.

विमानतळ आमच्या मनीषनगरहून जवळ, म्हणून ते दोघं सकाळीच मेट्रोनं आमच्याकडे आले. आईनं तर्रीपोहे केले होते. काका म्हणाले, तर्री नको, गळा आहे. मग आईच्या आग्रहाला मान देऊन दोनदा घेतली. मी त्यांना आणि निरोप द्यायला आलेल्या काकूंना गाडीनं विमानतळावर नेलं. काका पहिल्यांदाच विमानात बसणार होते, पण धास्ती काकूंच्या चेहऱ्यावर होती. दारातच जवानानं तिकीट पाहिलं, ओळखपत्र पाहिलं आणि विचारलं, "कहाँ जा रहे हैं?"

"पुणे. प्रोग्राम है."

"कैसा प्रोग्राम?"

"बर्फ का," काका म्हणाले आणि त्यांनी बॅग खाली ठेवली.

मी आणि काकू दोरीच्या अलीकडे उभ्या होतो. गर्दीत पुढचं काही ऐकू येत नव्हतं, पण हात दिसत होते. वरून थेंब पडला, ताटावर पडला, साऱ्या छतात फिरला. मागे रांग लागली होती. एक बाई आधी घड्याळ बघत होत्या, त्या आता पुढे वाकून ऐकत होत्या. जवान हसायला लागला, त्यानं शिक्का मारल्यासारखी मान हलवली आणि काकांची बॅग स्वतः उचलून आत दिली.

"विमान सुटते आता यायचं," काकू म्हणाल्या.

काका आत गेले. काचेपलीकडे ट्रॉली ढकलणारा एक अनोळखी माणूस त्यांच्या शेजारी चालत होता आणि काका त्याला काहीतरी सांगत होते. ते वळतील म्हणून आम्ही दोघींनी हात वर केले. ते खांबामागे गेले, पुन्हा दिसले, पुन्हा गेले. वळून पाहिलं नाही.

"पाहिलं नाही मागं," काकू म्हणाल्या आणि हसल्या. हात मात्र आम्ही दोघींनी बराच वेळ खाली घेतला नाही.